घार, पिल्लं आणि सरकीचा रंग

आमच्या गल्लीतली कोंबडीची पिल्लं गुलाबी असायची. जन्मतः नव्हे, आम्ही रंगवायचो. अंड्यातून निघून दोन-तीन दिवस झाले की बायका पातेल्यात रंग कालवून एकेक पिल्लू बुचकळून काढायच्या. एवढी भडक वस्तू खायची असते हे घारीला कळत नाही, अशी समजूत. घारीचं मत कोणी विचारलं नव्हतं. पण पिल्लं बऱ्यापैकी वाचायची, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही.

त्या वर्षी आईचा सगळा जीव या पिल्लांवर होता. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि बाळंतिणीला घरच्या गावरान कोंबडीचा रस्सा मिळालाच पाहिजे, हा आईचा हट्ट. ताईचं सासर वणीकडे. तिथे कोळशाच्या धुळीनं कोंबड्यासुद्धा काळ्या दिसतात, असं आई म्हणायची. आमचा कापूस लागोपाठ बुडत होता, एका साली बोंडअळीनं, दुसऱ्या साली पडलेल्या भावानं. घरात आई-बाबांचं बोलणं मीठ मागण्यापुरतं उरलं होतं. "कापसानं काई देल्लं नाई, कोंबडी तं देईन," असं म्हणत आईनं खुडूक कोंबडी टोपल्यात अंड्यांवर बसवली.

पिल्लं निघाली ऐन श्रावणात. आमच्या घरी श्रावण कडक, पण घारीला तो लागू नव्हता. पहिल्याच दिवशी तिनं एक उचललं. आईनं रंगाची पुडी काढली, तर शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हरकत घेतली. त्यांचीही पिल्लं नुकतीच निघालेली, तीही गुलाबी. "सरमिसळ झाली तं भांडन कोन सोडवन?" मुद्दा रास्त होता. मागच्या वर्षीचं भांडण अजून सुटलं नव्हतं.

इथे बाबांनी तोंड घातलं. कापूस बुडाल्यापासून त्यांना आपलं शहाणपण कुठेतरी सिद्ध करायचंच होतं. पेरून उरलेलं सरकीचं बियाणं घरात पडलं होतं. पाकिटातल्या या सरकीला औषध चोपडलेलं असतं, गडद लाल. बाबांनी ती पाण्यात चोळली. पक्का रंग निघाला, काकूंपेक्षा वेगळा आणि वर फुकट.

"बाबा, ते विष आहे," मी म्हटलं. मी बारावी झालेली होते. पाकिटावरचं कवटीचं चित्रही दाखवलं.

"किड्यासाठी हाय ते. कोंबडी का किडा हाय?"

फवारणीच्या डब्यांवरच्या तसल्या कवट्या आमच्या भिंतीला ओळीनं टेकून उभ्या असायच्या. त्यात एका कवटीचं काय एवढं?

बाबांनी सगळी पिल्लं त्या रंगात बुचकळून काढली. संध्याकाळी त्यांनी माना टाकल्या. चोचीनं अंग साफ करता करता त्यांनी तो रंग गिळला होता. आई कोमट पाणी आणि साबण घेऊन एकेकाला धूत बसली, कोंबडी तिच्या हातांना टोचत राहिली. मला बाबांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवेना.

"घारीनं एक नेलं," आई म्हणाली. "तुमी आठ."

मेलेली पिल्लं बाबांनी खोल पुरली, कुत्र्यानं किंवा घारीनं उकरून खाऊ नयेत म्हणून. उरलेल्या तिघांसाठी अंगणाच्या कोपऱ्यात गेल्या सालच्या पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यांचा दाट मांडव घातला. आमचा कापूस कुणाच्या कामी आला तो एवढाच. मग गोफण घेऊन स्वतः राखणीला बसले. कावळा, बगळा, जे उडेल त्याला दगड. एकदा फार उंचावरून विमान गेलं, तेव्हाही हात वर गेला. काकूंच्या छपराच्या टिनांवर इतके दगड पडले की त्यांनी नवीन भांडण काढलं.

थंडीत ताईला मुलगी झाली. तोवर पिल्लांतला एक चांगला तुरेवाला कोंबडा झाला होता आणि बाबांच्या मागे मागे फिरायचा. आता तो कापायचा होता. बाबा म्हणाले, आज नको, शनिवार आहे. मग एकादशी निघाली. मग त्यांचं डोकं दुखायला लागलं.

"घारीले देल्लं नाई, आता पोरीलेबी देत नाई?" आई कडाडली. "कोंबडा पोसला का जावई?"

बाबा उठले आणि कोंबडा काखेत घालून मागे गेले.

ताईनं दोनदा रस्सा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी तिला दूध भरपूर आलं, पोरगी पिऊन शांत झोपली. आई तर आनंदानं उड्या मारायचीच बाकी होती. तिनं बाबांना हाक मारली, "या, नातीले घ्या."

बाबा आधी न्हाणीत गेले. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. खाटेपाशी आले, हात नाकाशी नेऊन औषधाचा वास राहिला का ते पाहिलं आणि परत न्हाणीत गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. आई एरवी यावर वर्षभर चिडवत राहिली असती, पण तिनं न्हाणीत साबणाची नवी वडी नेऊन ठेवली.

शेवटी ते खाटेजवळ खाली बसले आणि ओले हात मांड्यांखाली दाबून मला म्हणाले, "तू धर. मी पायतो."