बोटभर तर्री आणि कुसुमची गंजी

"मटण किती वेळा होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कधीतरी," मी म्हणालो.

"दर रविवारी," बाजूच्या खुर्चीतून बायको म्हणाली. "अन् कधीमधी बुधवारी."

डॉक्टरांनी मान वर न करता बुधवारसुद्धा लिहून घेतला. मग ईसीजीचा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "हृदयाच्या एखाद्या नळीत अडथळा सुरू झालेला दिसतोय."

माझ्या आजारपणाची सुरुवात अशी झाली. पण आधीच सांगून ठेवतो, यात भरती झाली ती माझी बायको कुसुम. मी माझं हृदय सांभाळायला निघालो आणि तीन महिन्यांत तिला दवाखान्याच्या खाटेवर झोपवलं. ते कसं, हे सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. घरात कोणाला पथ्य लागलं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात फोरमन आहे. दोन महिन्यांपासून जिना चढताना छातीवर कोणीतरी तळवा ठेवून दाबतंय असं वाटायचं. थांबलो की तळवा निघून जायचा. मी गॅस समजून ओवा खाल्ला, सोडा प्यालो, कंपनीच्या बसमध्ये शेजाऱ्याने दिलेलं चूर्णही चाटलं. चालल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ गॅसची समजू नका. मला हे कुसुमने सांगितलं होतं, पण मी तिचं ऐकलं नव्हतं.

तपासण्या दोन दिवस चालल्या. ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर आपल्याला पळवतात आणि हृदयाचा आलेख काढतात. लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तात कोणत्या जातीची चरबी किती फिरते ते बघतात. माझ्याकडे सगळ्या जाती होत्या.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या सुरू करू. मटण बंद. घरचं खा, भाज्या खा, रोज चाला. तीन महिन्यांनी परत बघू. फरक नाही पडला तर अँजिओग्राफी करावी लागेल." अँजिओग्राफी म्हणजे मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून तपासतात. हे ऐकून मी मनगट टेबलाखाली घेतलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला. वर ठळक अक्षरात 'हे टाळा' आणि खाली यादी. मी तीस वर्षं मशीनवर सूचना चिकटवत आलेला माणूस. घरी आल्या आल्या तो कागद गॅसच्या वर, भिंतीच्या फरशीवर पक्का गोंद लावून चिकटवला. चारही कोपरे अंगठ्याने दाबले. वाफ लागली तरी निघायला नको.

आता आमच्या रविवारबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे मटण पुरुष करतात. माझे वडील करायचे, मग मी करू लागलो. मागच्या अंगणात चूल, चुलीवर मोठा गंज. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ रमेश राहतो, तो, त्याची बायको, दोन पोरं, माझी मुलगी मयुरी, सगळे गंजाभोवती जमायचे. वडिलांचा एकच नियम होता. वर बोटभर तर्री आली की रस्सा झाला. तर्री म्हणजे तो लालभडक तेलाचा थर. तर्री नसेल तर पाहुण्यासमोर ठेवायचं नाही.

कुसुम यात कधीच नसायची. तिचं माहेर उमरेडचं, त्या घरात अंडंसुद्धा कधी शिरलं नाही. रविवारी ती आतल्या गॅसवर एका छोट्या गंजीत स्वतःपुरतं काहीतरी शिजवायची आणि आमची जेवणं उरकली की एकटीच जेवून घ्यायची. त्या गंजीत काय असतं, हे मी लग्नाच्या एकतीस वर्षांत बघितलं नव्हतं. पिवळट काहीतरी असायचं. मी त्याला आजाऱ्याचं जेवण म्हणायचो, आणि सगळे हसायचे. तीही हसायची.

पथ्याचा पहिला रविवार उजाडला तेव्हा मी अंगणात रिकाम्या चुलीकडे बघत बसलो होतो. छातीपेक्षा ते जास्त दुखत होतं. मग डोक्यात आलं, डॉक्टर मटण नको म्हणाले, गंज नको म्हणाले नाहीत. मी उठलो, बेसन आणलं, पाटवड्या थापल्या, तोच मसाला वाटला, आणि तोच गंज राखेने तीनदा घासून त्यात पाटवडीचा रस्सा चढवला. वर बोटभर तर्री आली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. सोबत गोळाभात केला, म्हणजे बेसनाचे गोळे घालून शिजवलेला भात. त्यावर हिंग आणि लाल मिरचीची फोडणी ओतायची असते. ती मी हात आखडता न घेता ओतली.

"दादा, पथ्य असं असन तर मी बी आजारी पडतो गा," रमेश म्हणाला.

आणि कुसुम स्वतःचं ताट घेऊन बाहेर आली. आमच्यात बसली. दोनदा वाढून घेतलं. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला वाटलं, आजार झाला ते एका अर्थी बरंच झालं.

मग मी थांबलोच नाही. कधी भरली वांगी, कधी शेवभाजी, कधी डाळकांदा. नियम एकच, बोटभर. मी बुधवारीही रांधू लागलो. मग शनिवारीही. कारखान्यात डबा उघडला की चार जण गोळा व्हायचे आणि मी त्यांना सांगायचो, हे बघा, हार्ट पेशंटचं जेवण. कोणी पोळी बुडवून बघितली की मी त्याला निरोगी आहाराचं महत्त्व समजावायचो. एकदा कँटीनमध्ये याच विषयावर मी वीस मिनिटं बोललो.

कुसुम संध्याकाळी जिरं चघळत बसू लागली. मला वाटलं, तिला जिरं आवडू लागलं.

तीन महिने भरायला दोन आठवडे उरले होते. रविवारी दुपारी जेवणं झाली आणि कुसुम भांडी घासता घासता खाली बसली. उजव्या बरगडीखाली हात धरला. चेहरा पांढरा पडला, उलटी झाली. मयुरीने गाडी काढली. ज्या दवाखान्यात मी दाखवायला जायचो तिथेच गेलो, आणि ज्या बाकावर तेव्हा बसलो होतो त्याच बाकावर बसलो.

मी पेशंट होतो तेव्हा मला इतकी भीती वाटली नव्हती. सगळे माझ्याभोवती होते, मी शूर वागत होतो. आता माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. आतून कुसुमचं कण्हणं ऐकू येत होतं. ही गेली तर मी काय करू, हा एकच विचार डोक्यात होता. ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे त्यांना सांगतो, बाकावर बसणाऱ्यालाही पाणी द्या.

सोनोग्राफी झाली. एक तरुण सर्जन मॅडम बाहेर आल्या.

"यांच्या पित्ताशयात खडे आहेत. गॉलस्टोन म्हणतात. आज दुपारी काय खाल्लं त्यांनी?"

"एकदम हेल्दी, मॅडम," मी म्हणालो. "घरचं. पाटवडीचा रस्सा, गोळाभात. मटणाचं नाव नाही."

"तेल किती होतं?"

"बोटभर."

मॅडमनी विचारलं, "बोट आडवं की उभं?"

मी बोट वर केलं. आडवं धरलं. मग प्रामाणिकपणे थोडं तिरपं केलं. मॅडमनी त्या बोटाकडे बराच वेळ बघितलं. बाजूला उभ्या असलेल्या नर्सबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"खडे तुम्ही केले नाहीत, काका," मॅडम म्हणाल्या. "ते जुने असणार, गप्प पडून होते. पण तेलकट पोटात गेलं की पित्त सोडायला पित्ताशय आवळतं. तुम्ही त्याला जेवणागणिक आवळायला लावलंत. खडा तोंडाशी अडकला आणि कळ आली. आत्ता सूज कमी करू. महिन्याभराने ऑपरेशन. तोवर तेल म्हणजे औषधासारखं, मोजून."

कुसुमला दोन दिवस भरती करून घेतलं. सलाईन लागलं, इंजेक्शन दिलं, दुखणं उतरलं. दुसऱ्या दिवशी पाचच्या भेटीच्या वेळी मी तिच्याजवळ बसलो होतो तेव्हा मयुरीने फोनवर फोटो पाठवला. तिने ओल्या फडक्याने भिजवून भिजवून फरशीवरचा तो कागद सोडवला होता. कागदाला मागची बाजूही होती. अर्धी फाटली होती, पण उरलेली वाचता येत होती: 'तेल, माणशी दिवसाला तीन ते चार लहान चमचे, सगळं धरून.' खाली मयुरीने लिहिलं होतं, 'बाबा, चिकटवण्याआधी पलटवून बघायचं असतं.'

मी फोटो कुसुमला दाखवला. तिने चष्मा मागितला, शांतपणे वाचलं.

"तुले दिसत नव्हतं, तेल जास्ती आहे म्हनून?" मी विचारलं.

"दिसत होतं ना. गंजात तोंड दिसे आपलं."

"पोट दुखत होतं?"

"थोडं थोडं."

"मंग बोलली काहून नाही वं?"

तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "एकतीस वर्सांत पयल्यांदा तुमी रांधलेलं मले खाता आलं. बाहेर सगळ्यांत बसली मी. नाही कशी म्हनू?"

मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो आणि कूलरजवळ जाऊन रडलो. एका नर्सबाईंनी विचारलं, काका, पाणी संपलं का? मी हो म्हणालो. त्या तपासायला आल्या आणि पाणी भरपूर होतं.

दोन आठवड्यांनी माझाही रिपोर्ट आला. गोळ्यांनी एका जातीची चरबी उतरली होती, पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे तेल-गोड-भाताने वाढणारी दुसरी जात, वर चढली होती. वजन चार किलो जास्त. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मटण सोडलंत, ते दिसतंय. मटणातलं तेल मात्र जसंच्या तसं ठेवलंत. अजून तीन महिने देतो. हे शेवटचे."

घरी आल्यावर मी आतल्या गॅसपाशी गेलो आणि कुसुमला म्हणालो, "तुह्या गंजीतलं मले शिकव."

ती खुर्ची टाकून बसली आणि मी उभा राहिलो. पहिला दिवस फुणक्यांचा. भिजवलेली तुरीची डाळ भरड वाटायची, त्यात कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. मुठीने लांबट गोळे वळायचे आणि चाळणीवर वाफवायचे. सोबत ताकाची कढी, एक चमचा तेलाची फोडणी. मी कढईवर बाटली तिरपी केली की ती "अहो" म्हणायची. शेवटी मयुरीने बाटली लपवून माझ्या हातात चहाचा चमचा दिला. मग एकेक शिकत गेलो. भाजल्या वांग्याचं भरीत, आंबाडीची भाजी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी. पिवळट म्हणून मी हसायचो त्या कढीला इतका वास आणि इतकी चव होती, आणि मी एकतीस वर्षं तिच्यापासून दहा पावलांवर चुलीचा धूर खात बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

रमेशने पहिल्या रविवारी ताटात बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे तर खरंच आजाऱ्याचं जेवन आहे गा." मग सहा फुणके खाल्ले आणि कढी वाटीने प्याला.

कुसुमचं ऑपरेशन महिन्याभराने झालं. लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटावर चार बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीने पित्ताशय काढतात. तीन दिवसांत ती घरी आली. मॅडमनी खडे एका डबीत घालून दिले. मी ते फेकणार होतो, पण कुसुमने डबी मसाल्याच्या कपाटात माझ्या मसाल्याशेजारी ठेवली आहे. काढू देत नाही.

माझे तीन महिने संपले तेव्हा रिपोर्ट बघून डॉक्टर पहिल्यांदा हसले. नळी घालायची गरज आत्ता तरी नाही म्हणाले. मी हळूच मटणाचं विचारलं. "महिन्यातून एकदा. दोन-तीन तुकडे. तर्री नाही," ते म्हणाले. बोट मला दाखवावं लागलं नाही, इतकं दवाखान्यात आता सगळ्यांना माहीत आहे.

त्या डॉक्टरांचे, सर्जन मॅडमचे, आहारतज्ज्ञ बाईंचे आभार मानतो. त्यांचा कागद आता दोरीने टांगला आहे. वारा आला की दोन्ही बाजू दिसतात.

गेला रविवार महिन्यातल्या त्या एका मटणाचा होता. सकाळपासून रमेश अंगणात चकरा मारत होता. मटण धुवून ठेवलं होतं, मसाला वाटून झाला होता, चुलीत लाकडं रचली होती.

"दादा, जाळ कर ना गा. कशाची वाट पाहून राहिला?"

मी आत गेलो, छोटी गंजी बाहेर आणली आणि चुलीवर ठेवली. एक चमचा तेल, जिरं, लसूण. कढी उकळली, फुणके सोडले. कुसुमला हाक मारली, तिचं ताट वाढलं, तिने पहिला घास घेतला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मी मीठ आणून दिलं. ती जेवू लागली, आणि मगच मी मोठा गंज चढवला.