ती सतरंजीवर बसली तो दिवस

परभणीत मी बरीच वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. गावातल्या पुष्कळ लोकांनी माझ्या हातून पुस्तके नेली आहेत. पण आता मला ओळखतात ते वेगळ्याच कारणाने. परवा औषधांच्या दुकानदाराने गोळ्या पिशवीत घालता घालता विचारले, "सर, ते व्हिडिओतलं घर तुमचंच ना? त्या खाली सतरंजीवर बसल्या होत्या ते?"

मी हो म्हणालो.

"खरंच एवढ्या साध्या आहेत का हो त्या? का आपलं लोकांना दाखवायला?"

हा प्रश्न मला बँकेत विचारला गेला आहे. पाथरीहून येताना एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनेही विचारला आहे. ज्या दिवसाचा तो व्हिडिओ आहे तो माझी बायको गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा दिवस होता, त्याबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. व्हिडिओत भिंतीपाशी तिचा हार घातलेला फोटो आहे, पण तो अर्धाच दिसतो. उरलेला अर्धा त्या गायिकेच्या खांद्याआड गेला आहे.

गायिकेचे नाव मी लिहीत नाही. जयंतीच्या महिन्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही वस्तीत उभे राहिले तरी कुठल्या ना कुठल्या कर्ण्यातून तिचा आवाज येतोच. पुढे ती सिनेमात गायली, परदेशात जाऊन आली, ऑटोंच्या पाठीवर तिचे चित्र आले. पण ती मूळची पूर्ण्याची. रेल्वे क्वार्टरांच्या मागच्या वस्तीत तिचे आणि माझ्या बायकोचे घर भिंतीला भिंत लागून होते. वस्तीची एक गायन पार्टी होती. पार्टी म्हणजे एक पेटी, एक ढोलकी, मागे बसून टाळ्या देणारे आणि ओळ उचलणारे चार-पाच जण, आणि पुढे माइकपाशी मुख्य गाणारा. या पार्टीत दोन मुली होत्या. एक पुढे, एक तिच्या बरोबर पाठीमागे. मागची ती माझी बायको. पोखर्णीच्या बाजूला, पाथरीकडे, कुठे कुठे त्या जीपमध्ये कोंबून गेलेल्या होत्या. मग बायकोला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, आमचे लग्न झाले, आणि तिचे गाणे भांडी घासताना म्हणण्यापुरते राहिले. मैत्रीण मुंबईला गेली.

"ती अजिबात बदलली न्हाई," असे माझी बायको जन्मभर म्हणत आली. शाळेत ती शुद्ध बोलायची, घरात पूर्ण्याचे.

"तुला कसं कळतं?"

"तुमाला न उघडता कळतं न्हवं, पुस्तक कसलं हाय ते?"

"कधी कधी कळतं."

"मग? मला रोज कळतं."

मी हसून सोडून द्यायचो. मला ते फारसे खरे वाटत नसे. ज्यांच्या सावलीत हजार माणसे उभी असतात त्यांना शेजारीण आठवत असेल, हे मला पुस्तकांतही कधी पटले नव्हते.

नांदेडच्या दवाखान्यात, बोलणे कमी झाल्यावर, तिने मला एकच काम सांगितले. "कार्यक्रमाला ती येईल. तुमी फक्त कळवा. तिला म्हणावं, आमचं पहिलं गाणं म्हण."

मी कळवले. मैत्रिणीचा नंबर बायकोच्या फोनमध्ये होता, उचलला दुसऱ्याच बाईने, आणि "ताईंना सांगते" म्हणून ठेवला. पुढचे काही दिवस मी एकाच विचारात होतो. ती आली नाही, किंवा येऊन गायली नाही, तर बायकोने आयुष्यभर सांभाळलेली मैत्री ही तिची एकटीचीच समजूत ठरणार होती. बायको जिवंत असती तर मला चालले असते. मी तिला चिडवले असते, तिने मला उलट ऐकवले असते. आता ती चूक ठरली असती तर तिच्या बाजूने बोलायला घरात कुणीच नव्हते.

ती आली. नांदेडपर्यंत विमानाने आणि पुढे गाडीने. गल्लीत मांडव होता, भन्तेजी त्रिशरण-पंचशील देत होते. पांढऱ्या साडीतली ती बाई आत शिरली आणि सगळ्यांच्या माना वळल्या. कुणीतरी शेजारच्या घरातली गादीची खुर्ची उचलून आणली. तिने ती हाताने बाजूला सारली आणि बायकांच्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून बसली. पदर डोक्यावर घेतला. त्याबरोबर फोन वर झाले.

मी पुरुषांच्या बाजूला पहिल्या ओळीत होतो. मला सगळे दिसत होते. तिच्यासोबत आलेली तरुण मुलगी हळूच सरकत मांडवाच्या मोकळ्या बाजूला गेली, जिथून उजेड नीट येत होता. गायिकेने तिकडे पाहिले नाही, पण मान थोडी त्या बाजूला झाली. ग्रंथालयात मला कपाटाकडे न बघता पुस्तक कुठे आहे ते कळायचे, तसे तिला कॅमेरा कुठे आहे ते कळत असावे. तिने फोटोसमोर मेणबत्ती लावली, वाकून नमस्कार केला. नंतर पंगतीत बसून वरण-पोळी खाल्ली, आपली पत्रावळ आपण उचलली. पत्रावळ उचलतानाचा तो व्हिडिओ सर्वांत जास्त फिरला. "एवढी मोठी, पण पाय जमिनीवर," असे त्याखाली लिहिले होते.

जेवणाआधी भाषणे झाली. बायकोच्या शाळेतल्या बाई दोन शब्द बोलल्या आणि रडल्या. मग माइकवर असलेल्या आमच्या गल्लीतल्या पुढाऱ्याने जाहीर केले की ताई आपल्या लाडक्या मैत्रिणीला गीतातून आदरांजली वाहतील. पेटी आणून ठेवलेलीच होती. टाळ्या सुरू झाल्या, मग कुणाच्या तरी लक्षात आले आणि त्या थांबल्या.

ती उठली नाही. बसल्या जागी हात जोडले आणि मान हलवली. पुढाऱ्याने पुन्हा विनंती केली. तिने पुन्हा हात जोडले.

मी बायकोच्या फोटोकडे पाहिले. मागून पूर्ण्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या मावशीचा आवाज आला. तिला हळू बोलता येत नाही. "व्हय ग माय, आता सुपारी घेतल्याबिगर गळा उघडत न्हाई व्हय? बैलगाडीवर उभी करून गायला लावलंय आमी तुला!"

दोघी-तिघी हसल्या. कुणीतरी म्हणाले, "ऱ्हाऊ दे मावशे, मोठी मान्सं हायेत."

"मोठी आसतील त्यांच्या घरी. हितं मयतीला आलीय ना?"

गायिकेने मागे वळून मावशीकडे पाहिले. "मावशे, तू बरी हायेस का?" एवढेच म्हणाली. मावशीने तोंड फिरवले.

जेवणे झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. मला तिथे काही काम नव्हते. घरात तेवढीच एक खोली रिकामी होती. पाठोपाठ ती आली. सोबतच्या मुलीला तिने दाराबाहेर थांबवले आणि माठातले पाणी स्वतःच घेतले.

"दाजी, रागावलात," ती म्हणाली.

"तिची एकच इच्छा होती."

"मला ठाव हाय. मलाबी सांगितलं तिनं. दवाखान्यातनं फोन केलता."

"मग?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "आमच्या पार्टीत आक्का माझ्या मागं बसायची. तिचं एक बोट माझ्या पाठीला लागलेलं असायचं, पदराखाली. लोकांना दिसायचं न्हाई. मी पुढं पळाले की एकदा दाबायची. सूर उतरला की दोनदा. मला सुराचं काय कळत व्हतं तवा? मला बोट कळायचं. ते गाणं मी त्या बोटाबिगर कधी म्हनलंच न्हाई. मुंबईला गेल्यावर लय जणांनी मागितलं, न्हाई म्हनलं. आज त्या मांडवात पाठ मोकळी ठिवून कसं म्हनू? आन म्हनलं असतं ना, तर लोकांनी फोन धरला असता आन म्हनले असते, वा, काय रडवलं."

मी माठावर झाकण ठेवले.

"तुमाला वाटत आसंल, ही खाली बसली, पत्रावळ उचलली, सगळं नाटक. थोडं हायच. तसं न्हाई केलं तर दुसऱ्या दिवशी शिव्या खावा लागतात. पर मी काय गरीब गाय न्हाई, दाजी. मला चांगलं ठाव हाय मी कोण हाय. माझ्यावानी गाणारी दुसरी दावा."

हे ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली. मला त्याही स्थितीत हसू आले.

"नम्र हाय का न्हाई ते लोकं ठरवू द्या," ती म्हणाली. "पर टीवीवर गायले की आक्का दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन करायची. कुठं चुकलं ते सांगायची. हितं शब्द खाल्ला, तितं घाई केली. तीसेक वर्सं झाली. आमी भांडायचो. तिच्याबिगर मला टोकणारं आता कुणी ऱ्हायलं न्हाई. सगळे म्हनतात, ताई, कमाल."

त्या फोनचे मला काहीच ठाऊक नव्हते. त्या वेळी मी ग्रंथालयात असायचो. घरी आल्यावर बायको एवढेच सांगायची की आज तिच्याशी बोलले, बरी आहे.

बाहेरून हाक आली, गाडी लागली होती. ती गेली. दुःखाच्या घरातून निघताना येते म्हणत नाहीत, तिनेही म्हटले नाही. मला तिचे म्हणणे पटले होते, आणि पटूनही राग गेलेला नव्हता. गाणे व्हायला हवे होते, असे मला आजही वाटते.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते नीट सांगता येत नाही. संध्याकाळी दाराला कडी लावताना आता कोण यायचे राहिले आहे याचा विचार करावा लागत नाही. वर्तमानपत्रातले काही चांगले वाटले की मी अजून वाचायला तोंड उघडतो. एक-दोन शब्द बाहेरही पडतात. भाजीवाल्याला पावशेर म्हणायला मी अजून शिकतो आहे. व्हिडिओमुळे लोक बोलायला थांबतात, पण गायिकेबद्दल बोलतात. ती साधीच आहे, असे मी म्हणतो. त्यांना तेवढेच हवे असते.

मग एका दुपारी फोन आला. तिचा स्वतःचा.

"दाजी, काल बघितलं का? टीवीवर?"

मी बघितले होते. "छान झालं," मी म्हणालो.

पलीकडून एवढेच, "हं. बरं. जेवा टायमावर." फोन बंद.

मला ते दिवसभर लागून राहिले. मला सुरातले काही कळत नाही, खरेच कळत नाही. पण तिने माझ्याकडून काय मागितले होते आणि मी काय दिले, ते कळत होते. पुढच्या वेळी तिचा कार्यक्रम लागला तेव्हा मी दिवा लावून, चष्मा घालून, वाचायला बसतो तसा बसलो. सूर मला सोडून द्यावे लागले. शब्द मात्र माझ्या हद्दीतले होते. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एक क्रियापद होते, त्याचे शेवटचे अक्षर ऐकूच आले नाही. त्याच्याशिवाय ओळीचा अर्थ लोंबकळत राहत होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या वेळेला मीच फोन लावला.  अक्षर सांगितले.

"गिळलं न्हाई," ती म्हणाली. "ते तसंच हाय."

"मला ऐकू आलं नाही."

"तुमचं वय झालंय, दाजी. गाण्यातलं तुमाला काय कळायलंय? पुस्तकं मोजायची सोडून!"

तिचा आवाज चढला होता. कुणीतरी मागे "काय झालं ताई" विचारत होते. फोन बंद झाला.  वाटले, झाले, हेही संपले. बायकोने जे जपले ते मी एका फोनमध्ये घालवले. संध्याकाळी भूक लागली नाही.

सकाळी मी ओट्यापाशी उभा असताना फोन वाजला. तिने नमस्कार वगैरे काही केले नाही.

"रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. चारदा."

"बरं."

"गेलंय ते अक्षर. एवढी मान्सं बसलीत हितं, एकानं सांगितलं न्हाई." मग तिने विचारले, "आन शेवटच्या कडव्यात?"

"शेवटचं कडवं मी नीट ऐकलं नाही," मी म्हणालो. "दुसऱ्यातच अडकलो होतो."

"मंग ऐका की, आज सकाळी पुन्हा दावत्यात. आक्का आर्धं ऐकून कधी फोन करायची न्हाई."

मी गॅस बंद केला आणि टीव्हीच्या खोलीत गेलो.