भोंग्याशिवाय आलेलं पाणी

"एकदा समुद्र बघायचाय," असं माझी आई मला कळायला लागल्यापासून म्हणत आलीय. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हापासून एकच उत्तर देत आलेत, "आपलं धरण काय लहान हाय व्हय?"

माझं माहेर पैठणचं. अण्णांची सगळी नोकरी जायकवाडीवर, भोंग्याच्या ड्यूटीवर गेली. दरवाजे उघडायचे असले की आधी भोंगा द्यायचा. घाटावरची माणसं, गुरं, धुणी वर येतात आणि मग पाणी सुटतं. त्यामुळं पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, याबद्दल अण्णांच्या मनात तिळमात्र शंका नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलं आणि ती हट्टालाच पेटली. "नवा गुडघा बसल्यावर मला कोण वाळूत चालू देतंय? जुन्या पायांनीच जाऊन येते." औरंगपुऱ्यातल्या माझ्या मॅचिंगच्या दुकानात दिवाळीची गर्दी ओसरली होती. मी शटर ओढलं, पैठणहून दोघांना उचललं आणि कोकणाच्या रस्त्याला लागले. खरं सांगते, मला स्वतःलाच इतका आनंद झाला होता की अहिल्यानगर येईपर्यंत मी बडबड थांबवली नाही.

तुम्ही जाणार असाल तर पुण्यात मुक्काम कराच. आईवडिलांना घेऊन एका दमात जाण्यात काही अर्थ नाही. सकाळी लवकर निघून ताम्हिणी घाटानं उतरायचं, माणगावला नाश्ता करायचा आणि पुढं म्हसळ्याकडून श्रीवर्धनच्या बाजूला वळायचं. पेट्रोल माणगावलाच भरून घ्या. घाट सुंदर आहे, पण वळणं अंगावर येतात. अण्णा शेजारी बसून प्रत्येक वळणाला "हॉर्न दे, हॉर्न दे" म्हणत होते. मागं आई धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन खिडकीला नाक लावून बसली होती. तिनं समुद्रासाठी घरून खण, नारळ, हळदीकुंकू सगळं आणलं होतं. गंगेची ओटी भरतो तशी याचीही भरायची, असा तिचा बेत. (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.)

आमची खोली सुनंदाताईंच्या घरी होती. नारळाच्या वाडीत दोन खोल्या काढल्यात त्यांनी, साध्या पण लख्ख. जेवणासकट दर ठरतो आणि ताटावर बसवून आग्रहानं वाढतात. पोहोचल्या पोहोचल्या मी विचारलं, "ताई, आज ताजी मासळी काय आहे?"

"काही नाही गं बाय," त्या म्हणाल्या. "होड्या सगळ्या वर ओढून ठेवल्यात. तिकडे ओमानच्या बाजूला वादळ फिरतंय. समुद्राला उधाण आहे, उतरू नका. बंदी केलीय."

आईचा चेहरा एवढासा झाला. अण्णांनी मात्र अंगणात जाऊन आभाळ बघितलं. निळंशार. झावळीसुद्धा हलत नव्हती. "ओमान कुठं, आपण कुठं?" ते मला हळूच म्हणाले. "ढग नाय, वारं नाय, अन् पाणी कसलं येतंय? बघून तर येऊ."

सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी हाणून आम्ही किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांतून बाहेर पडलो आणि आई जागच्या जागी थांबली. पदराचं टोक तोंडाशी धरून नुसती बघत राहिली. मग माझा दंड दाबून म्हणाली, "पलीकडचा काठच नाय गं याला." तेवढ्यासाठी मी पुन्हा तेवढा प्रवास करीन.

वाळूत लाल बावटा लावला होता आणि झाडांना दोर बांधला होता. पाणी बघाल तर अगदी शहाण्यासारखं. लांब लांब अंतरानं एखादी लाट यायची, पसरायची, परत जायची. अण्णांनी सुरूची वाळकी फांदी उचलली, दोराखालून वाकून गेले आणि जिथवर वाळू ओली होती तिथं ती रोवली. पैठणला घाटावर पाणी चढतंय का बघायची हीच रीत. काठीकडं बघत बसायचं. काठीला पाणी लागलं नाही, तर खुशाल उतरायचं.

"अण्णा, बावटा लावलाय," मी म्हणाले.

"सरकारी लोक भ्यायचेच. मी बी सरकारीच होतो की."

बराच वेळ गेला. काठी कोरडी. आई माझ्याकडं अशी काही बघायला लागली की मलाही वाटलं, घोट्याएवढ्या पाण्यात काय होणार आहे? अण्णांनी तिचा हात धरला आणि दोघं उतरली. मी फोटो काढत होते. आईनं साडी जराशी वर धरली होती, पहिलं पाणी पायाला लागलं तशी ती लहान पोरीसारखी हसली.

मागून सुनंदाताईंची हाक आली. त्या दोर ओलांडून धावत येत होत्या. मी वळले आणि परत बघते तो लाट आलेली. ती उंच नव्हती, फेसाळही नव्हती. फक्त आली आणि थांबेचना. घोटे, गुडघे, कंबर. काठी गेली. दोघं आडवी झाली आणि पाणी मागं फिरलं तेव्हा खालची वाळूच त्यांना घेऊन सरकायला लागली. माझा फोन कुठं पडला मला कळलं नाही. आईनं एका हातानं अण्णांच्या शर्टाची कॉलर पकडून ठेवली होती, दुसरा हात माझ्या हाती लागला. सुनंदाताईंनी माझ्या कमरेला मिठी घातली. पुढची लाट यायच्या आत कशीबशी चौघं कोरड्या वाळूत येऊन पडलो.

अण्णांचा चष्मा गेला, एक चप्पल गेली. ते पांढरेफटक होऊन बसले होते. पहिलं वाक्य बोलले ते असं, "भोंगा नाय वाजला."

सुनंदाताईंना वाटलं, डोक्याला मार लागला. मी त्यांना अण्णांच्या नोकरीचं सांगितलं. त्या अण्णांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "काका, ही लाट तिकडे दर्यात सुटली, इथे यायला तिला वेळ लागला. भोंगा द्यायला वाटेत कोण बसलंय?"

आईनं कॉलर अजून सोडली नव्हती. मग मात्र तिनं त्यांना असं झापलं की मी लहानपणापासून कधी ऐकलं नव्हतं. "तुमच्या काठीपायी आज मी माझा माणूस घालवला असता," असं म्हणाली आणि रडायला लागली. तिच्याबरोबर मीही.

रात्री कुणी फारसं जेवलं नाही. सकाळी आई गुपचूप खण-नारळ परत पिशवीत भरत होती. ते सुनंदाताईंनी बघितलं. "पिशवी घेऊनच चला," म्हणाल्या. त्या आम्हाला गावामागच्या खाडीवर घेऊन गेल्या. डोंगराच्या आडोशाला, जिथं त्यांच्या होड्या बांधतात. भरती लागली होती. खारं पाणी चिखलातून हळूहळू, पायरी पायरीनं वर येत होतं. "हा पण समुद्रच," त्या म्हणाल्या. "फक्त घरात आलेला. आणि त्याची ओटी नको हो, तो पुरुष. नारळ द्या."

आई खालच्या पायरीवर उभी राहिली, मी आणि सुनंदाताई दोन्हीकडं. पाणी तिच्या दुखऱ्या गुडघ्यापर्यंत चढलं. तिनं नारळ सोडला, ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि "लई खारट" म्हणून जे हसली, ते खाडीच्या पलीकडंही ऐकू गेलं असेल. खण तिनं सुनंदाताईंना दिला. अण्णांना तिनं पाण्यात बोलावलं नाही आणि तेही आले नाहीत. वरच्या पायरीवर उभे राहून ते आमच्यावर नजर ठेवून होते.

आईचं ऑपरेशन छान झालं. नव्या गुडघ्यानं ती गल्लीभर समुद्राची गोष्ट सांगत फिरली. जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: दिवाळीच्या आगेमागे निघालात तर आपल्या डोक्यावरचं आभाळ बघू नका, लांबच्या वादळाची बातमी बघा. बावट्याशी वाद घालू नका. आणि खाडी चुकवू नका.

यंदा भाद्रपदात धरण भरलं, दरवाजे उघडणार म्हणून मी पैठणला गेले. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शहरातून आलेलं एक कुटुंब फोटो काढत होतं. अण्णा काठी टेकत खाली उतरले.

"वर या."

"काका, भोंगा कुठं झालाय अजून?"

"होईल. तवर वर बसा, चहा पाजतो."

कुरकुर करत ती माणसं वर आली. अण्णांनी खरंच चहा सांगितला. मग धरणाकडून भोंगा वाजला. एरवी तो वाजला की अण्णा ताठ होऊन धरणाकडं बघायचे. या वेळी त्यांनी पाठ फिरवली आणि पुन्हा खालच्या पायऱ्या बघितल्या, कुणी राहिलं तर नाही ना.