धाऊची गाडी नापास

किन्हवलीच्या धाऊला कोणी "गाडी विकून टाक" म्हटलं की त्याचं डोकंच फिरायचं. गाडी म्हातारी झालेली, पण त्याने ती पोटच्या पोरीसारखी जपलेली. बायको सकुबाई मात्र तिला डबडं म्हणायची, आणि कल्याणला नोकरीला असलेला मुलगा संदेश आईच्या बाजूचा. यंदा भाताची झोडणी आटोपून धाऊ पीयूसी काढायला गेला, तर धूर जास्त म्हणून गाडी नापास. संदेशने फोनवर बजावलं, "बाबा, परत नापास झाली तर सरळ भंगारात." रागाच्या भरात धाऊ 'बरं' म्हणून बसला.

मग काय, उपचार सुरू. प्लग बदलले, ऑइल बदललं, मोकळ्या रस्त्याला गाडी दामटून आणली. शेजारचा कुंडलिक म्हणाला, लिंबू-मिरची बांध. धाऊने तीही बांधली. गरजेला माणूस लाजत नाही. धूर काही हटेना.

शेवटी मुरबाडचा मेकॅनिक रत्नदीप. त्याने बॉनेट उघडलं, हेडलाइटच्या मागे हात घातला आणि हसत सुटला.

"काका, हिचं नाक कोणी बांधलंय?"

इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला हिरवं फडकं, दुहेरी घडी घालून गच्च बांधलेलं. हवाच पुरेना, तर पेट्रोल नीट जळणार कसं? धाऊने फडकं ओळखलं. सकुबाईच्या जुन्या लुगड्याचं होतं. झोडताना तूस उडतं म्हणून बायका नाकाला बांधतात, अगदी तसंच. गाडी तेव्हा खळ्याशेजारीच उभी होती. गाडी श्वास कुठून घेते, हे धाऊनेच सकुबाईला कधीतरी कौतुकाने दाखवलेलं.

फडकं सोडलं आणि गाडी पास झाली.

घरी येऊन त्याने विचारलं, "डबडं म्हणतेस ना गो तिला? मग नाक कशाला बांधलंस?"

सकुबाई तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तुसाचा खोकला येतो, तिला येनार नाय?"

धाऊला फार बरं वाटलं. मग त्याने संदेशला फोन लावला. "गाडी पास झाली रे. आता विकायचं नाव काढू नको. तुझी आई नाय म्हणते."

सकुबाई असं काहीच म्हणाली नव्हती. सूप हातात धरून तिने सगळं ऐकलं, पण नवऱ्याला खोटं काही पाडलं नाही.