रिकामा ट्रक जड असतो का?

सोलापूरच्या उत्तरेच्या माळावर आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो होतो... सत्तरचं दशक संपत आलं होतं, श्रावणातली सकाळ होती. माळढोक पक्ष्यासाठी तो माळ नुकताच राखीव झाला होता आणि ह्यांनी कुणाची तरी दुर्बीण मागून आणली होती.

माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. तेही घरटं-बिरटं काही न करता, उघड्या जमिनीवर... एवढा एक अविचार सोडला तर पक्षी राजबिंडा.

गाडीवाटेवर धुरपाबाई भेटली. साठीची धनगरीण, डोक्यावर घोंगडीची खोळ, मागे मेंढरं. तिनं हात आडवा करून आम्हाला थांबवलं आणि लांबूनच दाखवलं... वाटेच्या कडेला गवतात अंडं होतं. पलीकडे मादी मान ताठ करून उभी होती.

“हूमचं हाय,” ती हळूच म्हणाली. नराच्या आवाजावरून तिकडे माळढोकाला हूम म्हणतात. अंडं दिसल्यापासून हिनं आपलं एकही मेंढरू त्या बाजूला फिरकू दिलं नव्हतं.

तेवढ्यात ट्रक आला. पलीकडच्या खाणीतून खडी भरून आणायला निघालेला. डांबरी रस्ता लांबून जातो, म्हणून ह्या महाशयांना राखीव माळातून जायचं होतं! वाटेत चिखल होता, म्हणजे चाकं कडेच्या गवतावरून जाणार... थेट अंड्यावरून. आणि एकाची चाकोरी पडली की मागून सगळे तिथूनच येणार.

माळाच्या तोंडाशी स्वच्छ अक्षरात पाटी होती, ‘जड वाहनांस प्रवेश बंद’. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, त्यातून नुकतीच शिक्षिका झालेली. तरातरा पुढे गेले आणि विचारलं, “पाटी वाचता येत नाही का तुम्हाला?”

“येती की बाई,” ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. “जड वाहन लिवलंय. माझी गाडी रिकामी हाय. जड कुटं हाय?”

मी तीच पाटी त्याला पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवली. तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा मान डोलावत राहिला... ह्यांनी ते डोळे भरून पाहून घेतलं.

धुरपाबाई मात्र वाद घालायला आलीच नाही. तिनं जिभेनं काहीतरी आवाज काढला आणि मेंढरं वाटभर पसरली... बघता बघता ट्रकपुढे बसायलाही लागली. आमच्याकडे खतासाठी शेतात मेंढरं बसवतात आणि त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देतो. इथे तिनं ती सरकारी वाटेवर बसवली होती.

“ए म्हातारे, उठीव की मेंढरं!”

“रानात बसीवली तर जवारी मिळती मला. तुझ्याम्होरं फुकाट बसीवली, तरी कुरकुर?”

“अगं, पर गाडी रिकामी हाय!”

“व्हय की. म्हंजी जड न्हाय न्हवं?”

“न्हाय!”

“मग उचल. घे खांद्यावर आन् जा पल्याड. चाक मातुर भुईला लावायचं न्हाय.”

ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात आपटून असा हसला की शेवटी आम्हीही हसलो... आणि तो ट्रक पार डांबरीपर्यंत उलटा घेऊन गेला. जाताना खिडकीतून ओरडला, “मावशे, तूच हो की फॉरेस्टचा साहेब!”

“टोपी आनून दे आदी!” हिनं इकडून उत्तर दिलं.

आम्ही सगळेच मग लांबच्या बांधापर्यंत मागे सरलो. दुर्बिणीतून पाहिलं... मादी एकेक पाऊल टाकत आली, थांबली, पुन्हा चालली आणि अंड्यावर बसली. मी आणखी बघत राहिले असते, पण धुरपाबाईनं तेवढ्यात मलाच दटावलं. “बसली न्हवं? चला आता. उबवत्या बाईकडं टक लावून बघू ने.”

आता तिथे माळढोक दिसला तर नशीब म्हणायचं. पाट्या मोठ्या झाल्या, आणि गाड्या पाट्यांहून मोठ्या... साहेब मंडळी परिपत्रकं काढतात, डंपरवाले ती चाकाखाली घालतात. संताप होतो नुसता.

परवा माळाच्या दुसऱ्या टोकाला असाच एक डंपर पाटीपाशी वळताना दिसला. मी काठी टेकत आडवी गेले. “मॅडम, गाडी एम्प्टी आहे,” तो म्हणाला... अगदी तेच!

मी म्हटलं, “मग उचल.”

आधी त्याला कळेना. मग कळलं, ओशाळून हसला आणि वळवला त्यानं डंपर. धुरपाबाई, कॉन्व्हेंटनं मला बोलायला शिकवलं खरं... पण अडल्या वेळी कामाला आलं ते तुझंच बोलणं.