अकराव्या ब्लॉकमधली रेघ

धरणाच्या भिंतीच्या पोटातून एक बोगदा जातो. बाहेरून बघणाऱ्याला तो असल्याचा पत्ताही लागत नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार, वर रस्ता, आणि मध्ये काँक्रीटच्या आत हा माणसाच्या उंचीहून जेमतेम हातभर उंच, पाऊण किलोमीटर लांबीचा बोगदा. त्याला गॅलरी म्हणतात. एकोणीस वर्षं बॅटरीकाका या गॅलरीतून रोज चालत होते.

कागदोपत्री ते पाहणीदार. सकाळी नऊला लोखंडी जिना उतरायचा, एकेका ब्लॉकची, म्हणजे सलग ओतलेल्या तुकड्याची, भिंत बघत शेवटपर्यंत जायचं, कुठे तडा गेलाय, कुठे ओल आलीय, कुठून किती पाणी झिरपतंय ते टिपायचं आणि साडेबाराला वर येऊन वहीत उतरवायचं. गॅलरीत दिवे होते, पण त्या दमट हवेत त्यांचं काही खरं नव्हतं. शिवाय छताच्या दिव्यात तडा दिसतच नाही. उजेड भिंतीला चिकटून आडवा टाकावा लागतो, मग केसाएवढ्या रेघेचीही सावली पडते आणि ती उठून दिसते. त्यासाठी काकांकडे पाच सेलची, पत्र्याची, हातभर लांब बॅटरी होती. तिच्यावरूनच त्यांना नाव पडलं होतं.

माणूस भारी चुळबुळ्या. जेवताना दोनदा उठणार, बोलता बोलता खिडकीशी जाऊन येणार. बायको म्हणायची की यांच्या खुर्चीला खिळे आहेत. पण गॅलरीत उतरले की त्यांची पावलं आपोआप संथ व्हायची. तिथे ते घाई करत नसत.

गेल्या वर्षभरात मात्र तिथेही त्यांचं मन ठिकाणावर राहीना. उजेड पुरत नाही, असं त्यांना सारखं वाटू लागलं. आधी त्यांनी सेलना दोष दिला आणि महिन्याचे सेल पंधरा दिवसांत बदलू लागले. मग आतला आरसा काढून मऊ फडक्यानं पुसला. काच बदलली. तरी भिंत धुरकटच.

त्यांच्या मेव्हण्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. काका दर आठवड्याला तिथे जाऊन बसू लागले. मेव्हण्यानं साधा बल्ब काढून क्रिप्टॉनचा दिला. उजेड जरा पांढरा झाला, पंधरा दिवस काका खूश होते, मग पुन्हा दारात हजर. मेव्हण्यानं हॅलोजनचा बसवला. तो इतका तापला की तासाभरात आरशाच्या कडेचा मुलामा तपकिरी पडला आणि बॅटरीचं तोंड हाताला चटका देऊ लागलं.

"भाऊजी, तुम्हाला भिंत बघायचीय की भिंतीपलीकडचे मासे?" मेव्हणा म्हणाला.

काकांना हसू आलं नाही. त्यांनी एलईडीचा मागितला. जुन्या खोबणीत बसेल असा एलईडीचा बल्ब मिळतो, पण नुसता बसवून भागत नाही. जुना बल्ब चहूबाजूंना जळतो आणि आरसा तो सगळा उजेड गोळा करून पुढे फेकतो. एलईडी फक्त नाकासमोर बघतो, त्यामुळे आरसा रिकामा राहतो आणि उजेडाच्या मधोमध काळं भोक पडतं. मेव्हण्यानं दोन पातळ चकत्या कानसल्या, एकीवर एक ठेवून बल्ब हवा तेवढा पुढे आणला. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या बोळात दोघांनी पेटवून बघितला. पलीकडच्या भिंतीवरच्या विटा मोजता येत होत्या. काकांनी जुना, क्रिप्टॉनचा बल्ब कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि घरी जाईपर्यंत तीनदा रस्त्यात थांबून भरदुपारी दुकानांच्या पायऱ्यांखाली उजेड मारून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराव्या ब्लॉकमध्ये त्यांना ती रेघ दिसली.

डाव्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, सुमारे हातभर लांब. कोरडी. त्यांनी बोट फिरवलं, नख फिरवलं. नख अडकलं. ते खाली बसले, खिशातला जुना बल्ब काढला आणि मांडीवर बॅटरी ठेवून, अंधारात चाचपडत तो बसवला. उजेड टाकला. भिंत गुळगुळीत. पुन्हा नवा बसवला. रेघ हजर. असं त्यांनी चार वेळा केलं. चौथ्या वेळी घाईत एक चकती खाली घरंगळली आणि ती शोधायला पाच मिनिटं गेली.

त्या दिवशी ते साडेबाराची वाट न बघता धावतच वर आले.

धरणाची जबाबदारी ज्या इंजिनिअर बाईंकडे होती, त्यांना येऊन दोन वर्षं झाली होती. बाई लगेच खाली आल्या, भिंग लावून रेघ बघितली, काचेची पट्टी मागवून त्या रेघेवर सिमेंटनं आडवी चिकटवली. भिंत हलली तर पट्टी तडकणार, म्हणजे कळणार. मग त्यांनी विचारलं, रेघ नवी आहे का.

सगळं त्यावरच होतं. तलाव त्या आठवड्यात काठोकाठ भरला होता. रेघ जुनी असेल तर घाबरायचं कारण नव्हतं, काँक्रीट सुकताना अशा रेघा पडतात. पण पाणी चढल्यावर पडली असेल, तर भिंतीवर ताण आलाय असा अर्थ होता, आणि मग पाणी उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"कालपर्यंत दिसली नव्हती," काका म्हणाले.

यात खोटं काहीच नव्हतं. बाईंनी मान डोलावली. म्हणाल्या की रोज बघणारे तुम्ही, तुमचाच शब्द धरायचा. उद्या संध्याकाळी पाचला दोन दरवाजे उघडायचे ठरलं. खालच्या अंगाला नदीकाठी राहणाऱ्यांना निरोप गेले की पंप उचला, गुरं हलवा, पात्रात उतरू नका.

काका घरी आले ते हवा गेलेल्या फुग्यासारखे. बल्बचं त्यांनी बाईंना सांगितलंच नव्हतं. विसरले होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. नव्या बल्बनं दिसली आणि जुन्यानं दिसत नाही, मग रेघ आधीपासूनच असली तर? आणि नसली तर? आपण 'जुनी असेल' म्हणायचं आणि भिंत खरंच ताणलेली असली तर? ते अंगणात येरझाऱ्या घालू लागले. चपला घालायचे, काढायचे. शेवटी त्यांनी अडगळीची खोली रिकामी करायला घेतली.

बायको रफूचं काम करायची. कोटाला, शालीला पडलेलं भोक ती असं विणून द्यायची की मालकालाच ते सापडू नये. हातातलं काम सोडून ती दारात येऊन उभी राहिली. काकांनी खिडकीला पोतं ठोकलं होतं आणि पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघा ओढल्या होत्या. पहिली ठसठशीत, मग एकेक फिकट. अशा बारा. कुठल्या बल्बनं किती रेघा दिसतात ते त्यांना एकदाचं ठरवून टाकायचं होतं. जुना बल्ब लावून ते दहा पावलांवर उभे राहिले आणि मोठ्यानं मोजू लागले. पाच मोजल्या आणि थांबले.

"दहा आहेत की," बायको मागून म्हणाली.

काकांनी वळून बघितलं. त्यांना वाटलं, तिनं आधी उजेडात बघून ठेवल्या असतील. त्यांनी भिंत ओल्या फडक्यानं पुसली, वाळू दिली, पेन्सिल तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, तू ओढ, मी बाहेर थांबतो. आत आल्यावर त्यांनी तोच जुना बल्ब पेटवला. भिंतीवर त्यांना चार रेघा दिसल्या. तिनं नऊ ओढल्या होत्या. पाचवीपासून पुढे प्रत्येक रेघेवर तिनं त्यांचं बोट धरून ठेवलं.

"इथे?"

"इथे. अहो, ही तर मला दारातून दिसतेय."

काकांनी बॅटरी विझवली. मग बायको हळूच म्हणाली, "तुम्ही सहा महिने झाले सुई माझ्याकडून ओवून घेताय. मला वाटलं, कंटाळा करताय."

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत? तुमचं आपलं बल्ब, बल्ब, बल्ब."

काकांना त्या रात्री झोप लागली नाही हे सांगायला नको. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी ते पायरीवर बसून होते. बाई आल्या, तेव्हा त्यांनी उभं राहून एका दमात सगळं सांगितलं. बल्ब कसे बदलले, जुन्यानं रेघ दिसत नव्हती हे काल कसं सांगितलं नाही, आणि दोष बल्बचा नाही, आपल्या डोळ्यांचा आहे.

"म्हणजे वर्षभर वहीत 'नवीन तडा नाही' असं लिहिलंय, त्याला काही अर्थ नाही, असं म्हणताय तुम्ही," बाई म्हणाल्या.

"वर्षभर की दोन वर्षं, तेही मला सांगता येणार नाही."

बाई चिडल्या. ओरडल्या नाहीत, पण टेबलावरची फाइल मिटून पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मग म्हणाल्या की आता रेघ जुनी आहे असंही धरता येत नाही आणि नवी आहे असंही नाही. दरवाजे उघडायचे ते उघडायचेच, पण दोनाऐवजी एक, तोही अर्धा. आणि ताबडतोब ड्रिलचं मशीन बोलवायचं. रेघेवर छिद्र पाडून आतला काँक्रीटचा दांडा बाहेर काढला की कळेल काय ते.

मशीन दुपारी तीनला आलं. गॅलरीत तो आवाज असा घुमत होता की बोललेलं ऐकू येईना. काका कोपऱ्यात उभे राहून नखं कुरतडत होते. कुणी त्यांना वर जायला सांगितलं, तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. दांडा निघाला, बाईंनी तो पुसून उजेडाखाली धरला. रेघ चार बोटं आत जाऊन संपली होती, आणि आत काँक्रीटमधून पाझरलेला चुना साचून दगडासारखा घट्ट झाला होता. इतका चुना साचायला वर्षं लागतात. काचेची पट्टी जशीच्या तशी होती. भिंतीला काही झालं नव्हतं.

पाचला उघडलेला अर्धा दरवाजा सहाच्या आधी बंद झाला. खालच्या लोकांनी आदल्या संध्याकाळपासून पंप उचलून टेकाडावर नेले होते. त्यांनी धरणवाल्यांचा मनसोक्त उद्धार केला. काकांच्या कानावर तो आलाच.

काकांना वाटत होतं, आता सुटलो. तसं झालं नाही. रेघ कित्येक वर्षांपूर्वीची निघाली याचा अर्थ ती त्यांच्या डोळ्यांदेखत तिथे होती आणि चांगली नजर असतानाही कधीतरी त्यांच्या हातून सुटली होती. हा हिशोब त्यांच्या डोक्यातून जाईना. बाईंनी सगळी गॅलरी नव्यानं तपासायचं ठरवलं. दोन तरुण इंजिनिअर आले, अकरा दिवस लागले. आणखी दोन बारीक रेघा आणि ओलीचा एक डाग सापडला, धोक्याचं त्यातलं काहीच नाही. काकांनी बाईंची परवानगी मागून जुन्या वह्या काढल्या आणि त्या ब्लॉकच्या नोंदींखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं की इथे रेघ होती, मला दिसली नाही. खाली सही आणि तारीख. बाई म्हणाल्या, याची गरज नव्हती. काका म्हणाले, मला होती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं, दीड महिन्यानं डाव्याचं. तोवर त्यांना गेटवरच्या केबिनमध्ये बसवलं होतं. तिथे त्यांनी सगळ्यांचा जीव खाल्ला. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, खाली आज कोण उतरलंय, कुठली बॅटरी घेतलीय, उजेड आडवा धरतो की सरळ. ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हा त्यांना सगळं जग निळसर दिसलं, घरच्या भिंतीसुद्धा. एलईडीचा तो पांढरा उजेड डोळ्यांत सुईसारखा घुसू लागला. मेव्हण्यानं कपाळाला हात लावला आणि जरा पिवळसर छटेचा एलईडी बसवून दिला. ओल्या भिंतीवर तो कमी चमकतो, रेघ जास्त ठळक दिसते, असं काकांचं मत पडलं. मेव्हणा म्हणाला, आता हाच शेवटचा.

बाईंनी नियम केला, पाहणीला एकट्यानं उतरायचं नाही. काकांबरोबर एका वायरमनला जोडून दिलं. तो सैन्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी सतराव्या ब्लॉकपाशी काका थबकले. छतापासून भिंतीवर उतरलेली एक बारीक रेघ. त्यांनी वायरमनला काही न सांगता विचारलं, तुम्हाला काय दिसतं. वायरमननं स्वतःची बॅटरी आडवी धरली, बराच वेळ बघितलं, मग हात वर करून ती रेघ बोटावर गुंडाळली. कोळ्याचा धागा होता.

काकांनी वहीत लिहिलं, सतरावा ब्लॉक, काही नाही. दहा पावलं पुढे गेले. मग वायरमनला थांबायला सांगून ते परत मागे आले, आणि भिंतीवर दुसऱ्या बाजूनं उजेड टाकून पुन्हा एकदा बघू लागले.