हरेशचं तोंड कोरडं का पडायचं

सहा महिन्यांत पाच दाढा किडल्या होत्या, त्याही हिरडीलगत. एक्स-रे हातात धरून मी हरेशला विचारलं, "गोड फार खाता का?"

"चहासुद्धा बिनसाखरेचा, मॅडम."

"काही औषध चालू आहे?"

"नाही."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुईनगरला मी दातांचा दवाखाना नुकताच टाकला होता. हरेश न्हावा शेवा बंदरात कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटकडे क्लार्क. त्याचं तोंड इतकं कोरडं, की माझा छोटा आरसा गालाला चिकटत होता. लाळ दात धुऊन काढते. ती आटली की कीड झपाट्यानं वाढते. पण आटली कशानं?

बाकावर त्याची बायको पुष्पा बसली होती. जवळच्याच सारसोळे गावची. ती म्हणाली, "रोज गोली घेतात ना. मनाची. चार वर्सं झाली."

हरेश खाली बघत म्हणाला, "ते काय औषध नाही. झोप लागते त्यानं."

"डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलंत?"

"पहिल्याच वर्षी. आता केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर देतो."

पुष्पाला राहवलं नाही. "सवय लागली आसंल, मॅडम. आज दात गेले, उद्या आनखी काय जाईल? बंदच करनार होते मी. पन गोली सुरू व्हायच्या आधी आठ महिने हे घराबाहेर पडले नव्हते. परत तसं झालं तर?"

नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, एवढंच कॉलेजात शिकले होते. हरेशला विचारून मी त्याच्या वाशीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.

"एकदम बंद करू नका," ते म्हणाले. "आणि चार वर्षं आहेत कुठे हे? उद्या पाठवा."

दोघं गेले. या गोळीची नशा लागत नाही, पण न तपासता ती वर्षानुवर्षं घ्यायचीही नसते, असं डॉक्टरांनी पुष्पाला समजावलं. डोस हळूहळू उतरवला. इकडे मी चार दाढा भरल्या, एक काढावी लागली.

पुढच्या तपासणीला नवी कीड नव्हती. हरेश नियमित कामावर जात होता.

"गोळी बंद झाली?" मी विचारलं.

"नाय, अर्धी हाय," पुष्पा म्हणाली. "आसू दे. आता भ्या नाय वाटत."

त्यानंतर मी केसपेपरवर दोन ओळी वाढवल्या. रोज कोणती गोळी घेता, आणि त्यासाठी डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलंत. पहिलीचं उत्तर थोडं खोदल्यावर मिळतं. दुसरीची जागा बहुतेक वेळा कोरीच राहते.